फुटाला एक सूत

सोमवार. उद्यमनगर बंद.
लेथवर गोणपाट, भट्टीत कालची थोडी ऊब,
गल्लीत एकच कुत्रं, तेही
वेल्डिंगच्या आवाजाशिवाय हरवल्यासारखं.

जिनगोंडाकाकांचा लॅपटॉप सुरू झाला,
पण चित्रं नाहीत, बाण नाही,
नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात
लुकलुकणारी पांढरी काडी:
बोल, काय म्हणतीस?

होसूरला सहाच्या आत मापं पाहिजेत.
पंपाचं केसिंग, या वेळी बिडाचं नाही, ॲल्युमिनियमचं.
तिथलं मशीन आज रात्री लाकूड कापणार.
पॅटर्नची मापं माझी,
माझ्या हातची पहिलीच.

पत्र्याखाली मोबाईलला रेंज कधीच नव्हती.
मी आज्ञा लिहिली. एक अक्षर चुकलं.
असली आज्ञा ठाऊक नाही, मशीन म्हणालं.
रागावलं नाही, समजूनही घेतलं नाही.
काकांचंही असंच असायचं:
"सूत हललं की माल भंगारात, मुल्लाणीच्या पोरी."

पुन्हा लिहिली, श्वास धरून.
हवेत कोण कोण आहे, सांग.

हवेनं यादी दिली.
चहाची टपरी, चार चांदण्या.
तालीम, दोन; नाव ठेवलंय 'आधी जोर काढ'.
'फुकट्यांनो कष्ट करा', हा समोरचा प्लेटिंगवाला, दुसरा कोण असणार.
आणि एक ओळ,
जिथं नाव असायला हवं तिथं नुसत्या दोन आडव्या रेघा.
ताकद शंभर.
म्हणजे याच पत्र्याखालचं.

काकांनीच लपवलेलं.
"पोरं दिवसभर रील बघत्यात.
नाव ठाव असंल त्यानं यावं."
नाव मला ठाव नव्हतं,
आणि काकांना विचारायची सोय नव्हती.
आठ महिने झाले त्यांचे शब्द गेल्याला.
रुकडीच्या घरी खुर्चीत बसतात,
फोनवर येतो फक्त "हां", तोही उशिरानं.

मग मशीनलाच विचारलं,
तुला कोण कोण आठवतं?
होसूरचं एक लॉज.
नातवाच्या शाळेचं, एकदाच जोडलेलं.
दवाखाना-पाहुणे.
आणि सगळ्यात खाली, सगळ्यात जुनं:
'सागवान'.

आपोआप जोडायचं का, या रकान्यात
काकांनी लिहून ठेवलं होतं: नाही.
माणूस तसाच. फाइलसुद्धा हातानंच मारायचा.
मी लिहिलं, सागवान वर आण.
काडी थांबली. दोन वेळा लुकलुकली.
जोडलं.

इथं माझं काम संपलं होतं.
तरी विचारलं, उगीच, कुणी बघत नव्हतं म्हणून:
परवलीचा शब्द दाखव.

इंग्रजी अक्षरांत मराठी, मध्ये जागा न सोडता:
फुटालाएकसूत.

मला हसू आलं, मग नाही आलं.
पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं त्यांनी,
हातात सागाचा तुकडा देऊन.
ओतलेलं बीड निवताना आकसतं.
म्हणून पॅटर्न घडवायचा थोडा मोठा,
फुटाला एक सूत.
"निवल्यावर उरल तेवढंच आपलं.
आधी जास्तीचं दिऊन ठेवायचं."

बाहेर येऊन रुकडीला फोन लावला.
काकूंनी त्यांच्या कानाशी धरला.
"काका, सागवान लागलं."
"हां."
"मापं तयार आहेत. तुमच्या हिशोबानंच धरली.
फुटाला एक सूत."

मागं रेडिओ, कोंबडी, काकूंची बांगडी.
मला वाटलं, फोन कट झाला.
मग घशात काहीतरी घासलं,
कानस पहिल्यांदा लाकडावर टेकते तसं.

"सव्वा."

काकू काहीतरी ओरडल्या, मला कळलं नाही.
मी पत्र्याखाली पळाले.
ॲल्युमिनियम. फुटाला सव्वा सूत.
पाच वाजून दहा मिनिटं.
पाठवायची आज्ञा लिहून ठेवलेली, नुसतं बटण दाबायचं राहिलेलं.
एकेक अक्षर मागं मागं खोडत
रिकाम्या ओळीवर आले,
आणि मापांची फाईल पुन्हा उघडली.